पहिला पेशंट आत घेण्याआधी कोलिमेटर बघ

सांगलीत सकाळी एक्सरे रूमचं दार उघडलं की मार्केट यार्डातले हमाल, ऊसतोडीचे मजूर, शाळेची पोरं सगळे एकदम आत येतात. मग काही तपासायला उसंत मिळत नाही, म्हणून कोलिमेटरची, म्हणजे एक्सरे ट्यूबखालच्या किरणांचा चौकोन लहान-मोठा करणाऱ्या पेटीची, तयारी त्याआधीच उरकायची.

मशीन चालू केलं की लाईट लावून टेबलावर पडलेला चौकोन नीट बघ. फिका वाटला तर खालची पारदर्शक खिडकी मऊ कापडाने पूस, तरीही फिकाच असेल तर बल्ब बदलून घे. दोन्ही नॉब पूर्ण फिरव. किरण अडवणारी समोरासमोरची शटरं लाईटमधल्या फुलीपासून सारखीच सरकायला हवीत. महिन्यातून एकदा नाण्यांची चाचणी कर. कॅसेट, म्हणजे फिल्मची पेटी, ट्यूबपासून १०० सेंमीवर ठेव आणि चौकोनाच्या प्रत्येक कडेला दोन नाणी एकमेकांना टेकव, एक आत, एक बाहेर. एक्स्पोजर दिल्यावर लाईटची कड आणि किरणांची कड यांत किती फरक आहे ते कळतं. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणे तो अंतराच्या २ टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे २ सेंमीच्या आत हवा. जास्त निघाला तर काम थांबवून इंजिनिअरला बोलव.

अंतर टेपनेच मोज. १०० सेंमीवर २० बाय २० चा चौकोन छातीच्या एक्सरेसाठी १८० वर नेला की ३६ बाय ३६ होतो, क्षेत्रफळ तिपटीहून जास्त.

नवीन मुलं सगळ्यात जास्त फसतात ती कंबरेच्या एक्सरेला. किरण पसरत खाली जातात. पेशंटचं पोट कॅसेटपासून २५ सेंमी वर असेल, तर कॅसेटवरचा ३० सेंमीचा चौकोन पोटावर साडेबावीसच दिसतो. तो अपुरा वाटतो आणि हात आपोआप नॉबकडे जातो. तसं करू नको. माप कोलिमेटरवरच्या त्या अंतराच्या पट्टीवर वाच. अंगावरच्या लाईटवरून फक्त मध्य आणि तिरकेपणा बघ. शटर जास्त उघडलं की विखुरलेले किरण वाढतात, फिल्म धूसर येते आणि डोस फुकट जातो.

सुरुवातीच्या दिवसांत मी एका बाळाच्या छातीचा एक्सरे काढला होता. त्यात जबड्यापासून मांड्यांपर्यंत सगळं आलं होतं. ती फिल्म मी अजून विसरलेलो नाही. आता कंप्युटरवर कडा कापता येतात, पण शरीरात गेलेला डोस कापता येत नाही.

म्हणून लहान मूल असेल तर ते टेबलावर येण्याआधीच शटर लावून ठेव. लाईट थोड्या वेळाने आपोआप विझते आणि तोवर मूल हललेलं असतं. धरायला आई असेल तर ती गरोदर नाही ना, हे आधी विचार. मग तिला ॲप्रन दे आणि तिची बोटं चौकोनाबाहेर आहेत हे बघूनच बटण दाब.