पुराचं पाणी केबिनमध्ये शिरलं? पिकअप आतून सुकवताना

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की नदीकाठची माणसं जनावरं हलवतात, पंपाच्या मोटारी काढून आणतात, धान्य माळ्यावर चढवतात. पिकअप मात्र ‘सकाळी बघू’ म्हणून शेडमध्येच राहते. 43 फुटांची धोका पातळी ओलांडेपर्यंत बाहेर पडायचा रस्ताच उरलेला नसतो. 2019 आणि 2021 ला तर पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. पूर ओसरल्यावर इंजिनाकडं सगळ्यांचं लक्ष जातं, कारण गाडी चालू झाली नाही तर भाजी मार्केट यार्डाला पोचत नाही. केबिन मात्र ‘चार दिवसांत वाळेल’ म्हणून सोडून दिली जाते. तशी ती वाळत नाही. पुढं वर्षभर वास, गंज आणि वायरिंगची कटकट मागं लागते, ती इथूनच.

पाणी सीटच्या पायापर्यंत जरी आलेलं असलं तरी सेल्फ मारून बघू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आतलं सामान ओलं होऊन जो खर्च आला असता त्याच्या कितीतरी पट खर्च त्या एका सेल्फनं होतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, गाडी न्यूट्रल करा आणि टोचन करून उंच, आडोशाच्या जागी आणा. दार उघडल्यावर सीटखाली, फूटमॅटवर काठीनं ठोकून बघा. पुरात साप अशाच कोरड्या कोपऱ्याचा आसरा घेतात. हातमोजे आणि गमबूट घाला. पायाला जखम असेल तर त्या गाळात अनवाणी उतरू नकाच, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका असतो.

आता विम्याचं. झाडलोट करण्याआधी पाण्याची रेघ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढा: दाराच्या आतून, डॅशबोर्डखालून, सीटच्या बाजूनं. थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं काही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं. पिकाच्या पंचनाम्यात गाडीचंही लिहून घेतील असं धरून बसू नका, विमा कंपनीला वेगळं कळवावं लागतं. अडचण अशी की सर्व्हेअर यायला वेळ लागतो आणि ओल्या कापडा-फोमवर बुरशी दोन दिवसांत धरते. म्हणून फोन करतानाच ‘सीट आणि मॅट काढून सुकवायला घेतो’ हे सांगा, होकार व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लेखी घ्या, आणि काढलेला एकही तुकडा सर्व्हेअर येईपर्यंत टाकू नका.

शेतकऱ्याच्या केबिनमध्ये एक गोष्ट असते जी शहरातल्या गाडीत नसते. सीटमागं कीटकनाशकाची अर्धी बाटली, तणनाशकाचा पुडा, युरियाची उघडी पिशवी. पाण्यात हे सगळं मिसळलं असेल तर ती नुसती ओली गाडी राहिलेली नाही. औषध सांडलेला फोम कितीही धुतला तरी त्यातून औषध पूर्ण जात नाही. तो पुन्हा बसवू नका, घरातल्या सोप्यात तर वाळत घालूच नका. धुतलेलं पाणी विहिरीकडं, ओढ्याला किंवा गोठ्यापाशी जाईल अशा उतारावर गाडी लावू नका. लेबल निघून गेलेल्या बाटलीतलं औषध वास घेऊन ओळखण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. खताचा प्रश्न वेगळा आहे. युरिया किंवा पोटॅशचं पाणी पत्र्याच्या सांध्यात राहिलं की हवेतली ओल ओढून घेत राहतं आणि पत्रा आतून खातं. खत सांडलेली जागा साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन काढा, मगच सुकवायच्या मागं लागा.

होय, ओल्या केबिनमध्ये अजून पाणी मारायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण पुराचा गाळ आत वाळला की तो फटीफटीत बसून ओल धरून ठेवतो. गाळ ओला असतानाच हलक्या धारेनं धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर मात्र डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सवर, वायरच्या जोडांवर मारायचा नाही.

खरं काम यानंतर. दोन्ही सीट नटबोल्ट खोलून बाहेर काढा. गाडीत एअरबॅग असेल तर पिवळ्या रंगाच्या कनेक्टरला हात लावू नका, ते काम वायरमनवर सोडा. मग फ्लोअरची मॅट उचला. बऱ्याच गाड्यांत खाली नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या कापडासारखा थर असतो आणि फसगत तिथंच होते: वरचं रबर पुसून लख्ख कोरडं दिसतं, खालचा नमदा मुठीत धरला तर पाणी गळतं. नमदा गाळात भिजला असेल तर तो वाचवायच्या नादी लागू नका, नवा घ्या; सीटच्या मानानं स्वस्त असतो. फ्लोअरच्या पत्र्याला रबरी बुचं असतील तर काढून साठलेलं पाणी खाली सोडा. दारांच्या तळाशी बारीक भोकं असतात, ती गाळानं बुजतात आणि दारात पाणी तसंच उभं राहतं. तारेनं मोकळी करा. दाराचं आतलं पॅडही काढा. त्यामागं काय साठलंय ते बघितल्यावर पॅड काढायचा कंटाळा परत येणार नाही.

सीटचा फोम नुसत्या पावसाच्या पाण्यानं भिजला असेल तर वाचतो. रेक्झिनचं कव्हर उतरवून, फळीनं दाबून पाणी काढा आणि फोम उभा ठेवा, आडवा नको. गटाराचं पाणी प्यालेला फोम मात्र कुशनवाल्याकडं देऊन बदलून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत काचा खाली करून गाडी उभी केल्यानं काही वाळत नाही, हवा जोरानं फिरवावी लागते. एका दारात मोठा पंखा आत तोंड करून लावा आणि समोरचं दार उघडं ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर पडेल. ओला-सुका व्हॅक्युम मिळाला तर आधी त्यानं पाणी ओढून घ्या, पंख्याचं निम्मं काम वाचतं. वीज नसली आणि जनरेटर लावला तर तो शेडच्या बाहेर, गाडीपासून लांब. शेगडी केबिनमध्ये ठेवण्याचा विचारसुद्धा करू नका. कोळशाचा विषारी वायू बंद जागेत माणसाला कळायच्या आत मारतो. रात्री फटींमध्ये जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबा आणि सकाळी बदला. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे शेवटच्या टप्प्यात, केबिन बंद केल्यावर उपयोगी पडतात. पाणी गळत असताना त्यांच्यावर पैसे घालवू नका. अगरबत्ती, सेंट, डांबरगोळ्या यांनी वास झाकतो, ओल जात नाही. वास येतोय म्हणजे कुठंतरी ओल आहे, ती शोधा. कोरड्या झालेल्या कापडावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवला तर उरलासुरला वास जातो.

वायरिंगचे जोड सोडवून, कॉम्प्रेसरच्या हलक्या हवेनं सुकवून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. पितळेच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरी दिसली तर साफ केल्याशिवाय परत जोडू नका. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल तर हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माहितगार वायरमनकडंच द्या. तिथंच इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि क्राउनचं (मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं) ऑइल काढून बघायला सांगा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलेलं आहे.

आरसी, विमा, परवान्याचे भिजलेले कागद उन्हात टाकू नका, कोऱ्या कागदांच्या मध्ये दाबून वाळवा. तोवर रस्त्यावर दाखवायला डिजिलॉकरमधल्या प्रती चालतात.

पत्रा हाताला कोरडा लागला तरी दोन दिवस थांबूनच गंजरोधक रंग मारा. ओलीवर रंग मारला तर गंज आत कोंडला जातो आणि पत्रा फुगल्यावरच कळतं. सीट परत बसवण्याआधी पुढच्या काचेच्या रबराची एक परीक्षा घ्या: एकानं बाहेरून कडेकडेनं बादलीभर पाणी ओतायचं, दुसऱ्यानं आत बसून डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघायचं. जुन्या पिकअपमध्ये पुराआधीपासूनच तिथनं गळत असतं. थेंब दिसला तर रबर बदला, मग नमदा अंथरा.