पिट्सबर्गमध्ये भाड्याने घर घेताय? आधी हिवाळ्याची बिलं मागा

जाहिरातीतलं भाडं बघून महिन्याचा हिशेब मांडू नका. कागद घ्या, भाड्याखाली गॅस, वीज, पाणी-सांडपाणी, इंटरनेट, पार्किंग असं लिहा, आणि प्रत्येकापुढे ते कोण भरणार हे घरमालकाकडून लेखी घ्या. ईमेल चालेल, तोंडी चालणार नाही. यात गॅस सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथली बहुतेक जुनी घरं गॅसवर तापतात. गेल्या वेळी मी नेमका तोच विचारला नव्हता आणि जानेवारीचं बिल आल्यावर सगळं गणित कोलमडलं.

तर, मागच्या डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीची गॅसची बिलं मागा. ‘साधारण किती येतं?’ असं विचारू नका, त्यावर मे महिन्याचा आकडा ऐकायला मिळतो. बिल डोळ्यांनी बघायचं. मालक टाळाटाळ करत असेल तर सध्याच्या भाडेकरूला विचारा, घर बघायला जाल तेव्हा तो बऱ्याचदा तिथेच असतो. तेही जमलं नाही तर गॅस कंपनीला फोन करून त्या पत्त्याचं सरासरी बिल सांगतील का ते विचारून बघा. कुठूनच काही कळत नसेल तर ते घर सोडा. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांचा करार करताना घर गरम ठेवायचा खर्च हा विषयच निघत नाही, म्हणून आपल्या लोकांच्या तो डोक्यातच येत नाही. इथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत हीटिंग लागतं.

‘पिट्सबर्ग स्वस्त आहे’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १९५० साली या शहरात पावणेसात लाखांच्या आसपास माणसं होती, २०२० च्या जनगणनेत जेमतेम तीन लाख. पोलाद कारखाने बंद पडले, माणसं गेली, घरं मात्र राहिली. ओकलंड, ग्रीनफिल्ड, ब्लूमफिल्ड या शहरातल्या वस्त्यांमध्ये तुम्हाला जे ‘टू बेडरूम’ दाखवतात ते पुष्कळदा शंभर वर्षांच्या विटांच्या घराचे पाडलेले तुकडे असतात. भिंतींत इन्सुलेशन (थंडी अडवणारा थर) नाही, खिडक्यांना एकच काच, आणि पोटमाळ्यावरची खोली हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात भट्टी. भाडं कमी का आहे याचं उत्तर बरेचदा तिथेच असतं. विद्यापीठांच्या जवळ तर भाडंही कमी नसतं.

म्हणून घर बघताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाळू नका. खिडकीच्या चौकटीपाशी हात धरा, वारा लागतो का बघा. हीटिंग कशावर चालतं ते विचारा. रेडिएटर किंवा फर्नेस (घर तापवणारी भट्टी) गॅसवर असेल तर बिलं मागा (पुन्हा सांगते, बिलं मागा). भिंतीच्या तळाशी विजेचे लांब हीटर असतील तर विजेची बिलं मागा, ती गॅसपेक्षाही जड जातात. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवायचं यंत्र, कुणाच्या घरात आहे तेही बघा. तो खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या हातात असेल तर तुम्ही थंडीत कुडकुडणार किंवा खिडक्या उघडून बसणार.

तळघरात उतरून मीटर बघायलाच हवेत. एका घराचे तीन फ्लॅट केलेले असतात आणि तुमच्या मीटरवर जिन्यातले दिवे किंवा शेजाऱ्याची खोली जोडलेली निघते. पेनसिल्व्हेनियाच्या (पिट्सबर्ग ज्या राज्यात आहे त्याच्या) कायद्याप्रमाणे असं असेल तर ते खातं मालकाच्या नावावर असायला हवं. हे करारावर सही करण्याआधी काढायचं, नंतर भांडत बसायला ताकद उरत नाही.

आता परवडण्याबद्दल. घरखर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसवा असा इथला सरकारी मापदंड आहे, आणि त्यात गॅस-वीजही धरलेली असते. लोक फक्त भाडं त्यात बसवतात आणि हिवाळ्यात उघडे पडतात. मालक बहुधा भाड्याच्या तिप्पट उत्पन्नाचा पुरावा मागतात, पण ते त्यांचं समाधान झालं, तुमचं गणित तुम्हीच करायचं. नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक धरा: शहराच्या हद्दीत राहिलात तर कमाईवर स्थानिक कर ३ टक्के, एक शहराचा आणि दोन शाळांचे. बऱ्याच उपनगरांत तो एक टक्क्याच्या आसपास आहे. वर्षाला ६०,००० डॉलर पगार असेल तर फरक महिन्याला सुमारे १०० डॉलर पडतो. उलट उपनगरात गाडी लागते. शहरात स्क्विरल हिलहून ओकलंडला ६१ क्रमांकाच्या बस जातात आणि सीएमयू (कार्नेगी मेलन विद्यापीठ) किंवा पिटच्या (पिट्सबर्ग विद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर तिकीट लागत नाही. हे दोन्ही बाजूंनी मांडून बघा.

हिवाळ्यात गॅस तोडत नाहीत असं कुणी सांगेल. ते संरक्षण १ डिसेंबर ते ३१ मार्च इतकंच आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांना आहे. बिल मात्र साचत राहतं आणि एप्रिलमध्ये समोर येतं. त्यापेक्षा वर्षभर सारखा हप्ता भरायची ‘बजेट बिलिंग’ योजना पहिल्या महिन्यातच मागून घ्या. ती घेतली तरी वर्षाची बेरीज तेवढीच राहते, म्हणून तीही आधी मागची बिलं बघूनच.

भारतात बसून घर ठरवणाऱ्यांनो, कृपा करून न बघितलेल्या घरासाठी पैसे पाठवू नका. इथे असलेल्या कुणाला तरी आत जाऊन बघायला सांगा आणि व्हिडिओ कॉल करा. ॲलेगेनी काउंटीच्या (पिट्सबर्ग ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या) संकेतस्थळावर पत्ता टाकला की मालकाचं नाव दिसतं. ते तुमच्याशी बोलणाऱ्याच्या नावाशी जुळत नसेल तर तो मालकाचा कोण, याचा लेखी पुरावा मागा. नव्याने आलेल्यांचा क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीचा इथला गुणांक) नसतो म्हणून को-सायनर, म्हणजे तुमच्यासाठी हमी देऊन सही करणारा, मागतील, नाहीतर जास्त डिपॉझिट. पहिल्या वर्षी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, दुसऱ्या वर्षापासून एकाच महिन्याचं. त्याहून जास्त मागितलं तर कायदा दाखवा.

करार पूर्ण वाचा. रूममेटबरोबर एकत्र सही केली असेल आणि तो मध्येच गेला तर त्याचा वाटाही उरलेल्यांकडून वसूल होतो. करार आपोआप वाढतो का आणि सोडायची नोटीस किती दिवस आधी द्यायची, त्या तारखा फोनमध्ये टाका. गॅसचं खातं कुणाच्या नावावर राहील आणि बिल कसं वाटायचं हेही रूममेटमध्ये आधीच लिहून ठेवा, कारण एकाला २३ अंश हवे असतात आणि दुसरा स्वेटर घालून १८ वर राहतो.

१९७८ च्या आधीचं घर असेल तर घरातल्या रंगात शिसं असू शकतं याची माहिती देणारा कागद मिळायलाच हवा, लहान मूल असेल तर विशेष. रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूच्या सामानाचा विमा) घ्या. फुटपाथवरचा बर्फ कुणी काढायचा ते करारात बघा. आत येताना प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा, सोडतानाही काढा. सोडताना नवा पत्ता मालकाला लेखी द्या. तो दिला नाही तर ३० दिवसांत डिपॉझिट परत न केल्याबद्दल दुप्पट मागायचा हक्क जातो.