जिप्सम आणि मेटल सीलिंगचा सांधा : माझं काम तिथंच फसलं

जिप्समची फ्रेम मारता येते, ग्रिडचा मेन टी, म्हणजे मेटल टाइल्स पेलणाऱ्या जाळीची लांब पोलादी मुख्य पट्टी, लेव्हलला घेता येतो, तरीही दोन सीलिंगं जिथं भेटतात तिथं नव्या पोराचा हात चुकतो. माझाही चुकला. मिरजेतल्या एका दवाखान्याचा 18 मीटरचा पॅसेज होता, वर पत्रा. कडेनं जिप्समचा पट्टा, मध्ये 600 बाय 600 च्या मेटल टाइल्स, दोन्ही एकाच लेव्हलला.

सांध्याला दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट राहिली. मी ज्यांच्या हाताखाली होतो ते मिस्त्री म्हणाले, "मसाला भर, रंगात जातंय सगळं." मसाला म्हणजे बोर्डांच्या सांध्यात भरायची पेस्ट. भरला, टेप मारली, घासलं. फट कुठं होती ते मलाही सापडेना. एप्रिलात फोन आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर, दोन ठिकाणी खपल्या खाली पडलेल्या. दवाखाना चालू, म्हणून तीन रात्री खरवडत बसलो. त्याची हजेरी मिळाली नाही. ते अजून टोचतं.

कारण मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्ही नीट समजून घ्या. एक मीटर पोलाद तापमानाच्या एका अंशाला 0.012 मिलिमीटर वाढतं. 18 मीटरला 20 अंशांचा फरक धरला तर चार मिलिमीटरच्या वर. आपल्याकडं उन्हाळ्यात पत्र्याखाली पहाट ते दुपार एवढा फरक सहज पडतो. जिप्सम त्या मापानं हलत नाही. मसाला बोर्डाला बोर्ड जोडायला असतो. धातूवर तो नुसता चिकटून बसतो आणि ताण आला की सुटतो. भरीत भर, मेन टी मी दोन्ही टोकांना रिव्हेट केला होता. त्याला सरकायला जागाच नव्हती.

तो सांधा कधीही भरू नका. अजिबात नाही.

आता मी जिप्समची कड एज बीडनं, म्हणजे कडेवर बसणाऱ्या पट्टीनं, बंद करतो आणि पायरीचा शॅडो अँगल (खाच ठेवणारी पायरीसारखी वळलेली पट्टी) लावून 10 मिलिमीटरची खाच मुद्दाम उघडी ठेवतो. सरळ खाच डोळ्याला बरी दिसते, गिऱ्हाईक तिला डिझाइनच समजतं. अँगलचा स्क्रू बोर्डामागच्या चॅनलमध्येच गेला पाहिजे. ग्रिडला स्वतःचे हँगर, म्हणजे वरून टांगायचे आधार, द्या, जिप्समच्या फ्रेमवर भार नको. मेन टी एका टोकाला पक्का, दुसरीकडं अँगलवर टेकलेला आणि भिंतीपासून 10 मिलिमीटर सुटा. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप घरातल्या मोठ्यांनी सांगितलेला असेलच. हादऱ्यातही हीच मोकळीक उपयोगी पडते.

लेझर भाड्यानं का होईना, आणाच. पाण्याच्या नळीवर मी शिकलो, तिचा मान ठेवतो, पण दोन सीलिंगांची एक लेव्हल तिच्यावर सोडू नका.

पहिली दोन-तीन कामं वाकडी जातील. घाबरू नका, खाच उघडी असली की दुरुस्ती तासाभराची असते. फक्त टाइल्स शेवटी चढवा, जिप्समचं घासणं आणि रंग पुरता झाल्यावर, स्वच्छ हातमोजे घालून. पावडर कोटिंगवर उठलेला पुट्टीच्या हाताचा ठसा सहजी जात नाही.