दातांची संख्या सारखी, तरी गिअर जुळेल का? आधी बेस पिच मोजा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या जुन्या लेथचा किंवा वडगावातल्या मागाचा गिअर तुटला की भंगारातून 'तेवढ्याच दातांचा' आणून बसवतात. हाताने फिरतोही. लोड आला की मात्र किरकिर सुरू होते आणि दातांच्या बगला खरवडतात. दातांच्या संख्येवरून फक्त गतीचं गुणोत्तर कळतं. सरळ दातांची जुळणी ठरते बेस पिचवर, म्हणजे लगतच्या दोन दातांच्या एकाच बाजूच्या बगलांमधल्या सरळ अंतरावर: ३.१४१६ × मॉड्युल (दाताच्या आकाराचं मिमीतलं माप) × प्रेशर अँगलचा (दाताच्या बगलेच्या कलाचा) कोसाइन.

आधी बाहेरचा व्यास घ्या आणि (दात + २) ने भागा. ४० दात, १०५ मिमी म्हणजे मॉड्युल २.५. १०६.६८ आला तर तो १० डीपीचा (डायमेट्रल पिच, व्यासाच्या दर इंचाला दात), इंचाच्या मापातला (२५.४ ÷ १० = २.५४). दात विषम असतील तर शेंडे समोरासमोर येत नाहीत, माप कमी भरतं. बोअरच्या (मधल्या भोकाच्या) कडेपासून शेंड्यापर्यंत मोजा, दुप्पट करा, त्यात बोअरचा व्यास मिळवा. १०५ ऐवजी १०४ आला तर लगेच 'झिजला' म्हणू नका. स्टब दात मुळातच आखूड असतो.

व्यासावरून प्रेशर अँगल कळत नाही, आणि फसगत इथेच होते. व्हर्निअरचे जबडे दातांच्या बगलांना टेकवून ४ दातांवरचं माप घ्या, मग ५ दातांवरचं. शेंड्याला किंवा बुडाला जबडा लागू देऊ नका. वजाबाकी हीच बेस पिच. मॉड्युल २.५ ला ७.३८ आली तर २० अंश, ७.६० आली तर साडेचौदा. १० डीपी साडेचौदाला ७.७३ येते. झीज दोन्ही मापांत जवळपास सारखीच कमी होते, त्यामुळे जुन्या गिअरवरही ही रीत चालते.

७.३८ आणि ७.६० बेस पिचचे गिअर एकत्र लावले तर प्रत्येक दात ०.२२ मिमी चुकीच्या जागी धडकतो. सेंटर (दोन शाफ्टमधलं अंतर) लांबवून हा फरक जात नाही, फक्त मोकळीक वाढते. अशा वेळी दोन्ही गिअर जोडीनेच कापून घ्या.

हेलिकलमध्ये (तिरप्या दातांच्या गिअरमध्ये) समांतर शाफ्टवर दातांचा कोन सारखा आणि दिशा उलटी हवी: एक उजवा, एक डावा. बेव्हल (शंकूसारखा गिअर) तर जोडीनेच बदला.

बसवताना दातांमध्ये साध्या कागदाची पट्टी (सुमारे ०.१ मिमी) घालून सेंटर आवळा. फिरवल्यावर पट्टी फाटली तर सेंटर जरा सैल करा. मग दातांना प्रशियन ब्लू (खूण उमटवणारा निळा रंग) लावून हाताने दोन फेरे द्या. खूण दाताच्या फक्त एकाच कडेला उमटली तर शाफ्ट समांतर आहेत का ते आधी तपासा, मगच गिअरला दोष द्या.