प्रवेशअर्जातील शिक्षेचा रकाना कसा भरावा

सोलापुरात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या महाविद्यालयाच्या अर्जात किंवा प्रतिज्ञापत्रात पूर्वीच्या शिक्षेविषयी रकाना आढळला, तर आधी प्रश्नातील प्रत्येक शब्द नीट वाचावा. गुन्हा दाखल होणे, खटला प्रलंबित असणे आणि न्यायालयाने दोषी ठरवणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत. केवळ दोषसिद्धीविषयी विचारले असेल, तर कधीकाळी फिर्यादीत नाव आले होते एवढ्यावरून ‘होय’ लिहू नये. प्रलंबित खटल्याविषयीही स्पष्ट विचारणा असेल, तर तो लपवू नये.

त्यानंतर घटनेच्या दिवशीचे वय पाहावे, निकालाच्या दिवशीचे नव्हे. ते अठरा वर्षांहून कमी असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि कलम ७४ नुसार निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची नोंद पोलिसांना चारित्र्याच्या दाखल्यासाठीदेखील उघड करता येत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या ज्या मुलास बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवले, त्याला मात्र कलम २४ चे संरक्षण नाही. पालक घाबरून बाल न्याय मंडळाचा आदेशच अर्जाला जोडतात. तसे कृपया करू नये, कारण मुलाला नव्याने सुरुवात करता यावी म्हणून कायद्याने झाकलेली गोष्ट त्यामुळे आपणच उघडी करतो.

प्रौढपणी परिविक्षेवर (प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षा न भोगता चांगल्या वर्तनाच्या अटीवर) सुटका झाली असेल, तर परिविक्षा अधिनियम, १९५८ चे कलम १२ वाचावे. तेथेही अपात्रतेपासून संरक्षण आहे.

रॅगिंगचे तसे नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार त्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास काढून टाकले जाते आणि पुढील पाच वर्षे इतरत्र प्रवेश मिळत नाही. ही अट मला रास्त वाटते, कारण तिचा संबंध थेट वसतिगृहातील मुलांच्या सुरक्षिततेशी आहे. प्रत्येक जुन्या शिक्षेसाठी सरसकट दार बंद करणे मात्र अन्यायाचे आहे. विधी शाखेच्या इच्छुकांनी हेही ध्यानात घ्यावे की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास वकिलीची सनद मिळण्यावरील बंदी सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते.

उत्तर ‘होय’ असेल, तर न्यायालय, वर्ष, शिक्षा पूर्ण झाल्याची तारीख आणि त्यानंतरचे शिक्षण किंवा काम एवढेच एका पानात लिहून निकालाची प्रत जोडावी. शंका राहिल्यास स्वाक्षरीपूर्वी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अल्पवयीन मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्न न पाहता विनामूल्य सल्ला मिळतो.