अकीकाच्या पातळ चकत्या कापून दिवा करायचाय?

आपल्या दख्खनच्या बेसाल्टात जागोजागी पोकळ्या राहिल्यात आणि त्यात सिलिका थरावर थर साचून अकीक म्हणजे अगेट तयार झालंय, म्हणून नांगरलेल्या शेतात किंवा नदीच्या गोट्यांत ते सापडतं, बाहेरून मातकट, बटाट्यासारखं. दगड ओला करून अंधारात मागून मोबाइलचा टॉर्च लावा, कडेने उजेड झिरपला तर घ्या. तडा गेलेला दगड सोडून द्या, कापताना फुटतो.

अकीक काचेपेक्षा कडक, मोह स्केलवर (कडकपणाची 1 ते 10 मोजपट्टी) साडेसहा-सात, त्यामुळे डायमंड ब्लेडच लागतं, तेही खाचा नसलेलं, अखंड कडेचं, नाहीतर काठाचे टवके उडतात. पाण्याच्या ट्रेवालं टेबल टाइल कटर छोट्या दगडांना पुरतं. पण एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो, कोरडं कापू नका, एकदासुद्धा नाही. ही धूळ फुफ्फुसात गेली की परत निघत नाही, गुजरातेतल्या खंबातचे अकीक घासणारे कितीतरी कारागीर सिलिकोसिसने गेलेत. पाणी चालू, मास्क चांगला, चष्मा लावलेला, आणि पाण्याजवळ वीज आहे म्हणून लाइनला आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच.

गोल दगड हातात धरून कापायचा नाही, फिरला तर बोटं जातात. लाकडी ठोकळ्यावर इपॉक्सीने पक्का चिकटवा, मग एका बाजूची टोपी उडवून सपाट तोंड करा आणि ते कटरच्या गाइडला (सरळ कडेला) टेकवून पुढच्या चकत्या काढा. दगडातल्या पट्ट्यांना आडवं कापलं तर रेघा छान उमटतात. जाडी 4-5 मिमी ठेवा, दगड गडद असेल तर 3, पण तेवढी पातळ चकती पटकन मोडते. जोर लावू नका, मोटरचा आवाज बसला की समजा जास्त ढकलताय, आणि शेवटचा सेंटिमीटर तर अगदी हळू, तिथेच काठ तुटतो. ब्लेड कापेनासं झालं तर मऊ विटेत चार-पाच कट मारा, धार परत येते.

मग जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घेऊन 120, 220, 400, 600 असं (आकडा वाढेल तशी पूड बारीक) घासत जा, दर वेळी चकती आणि हात नीट धुवा, कारण जाड पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. पुढची बाजू सेरियम ऑक्साइडने (पॉलिशची बारीक पूड) चमकवा, मागची 400 वर खरखरीतच सोडा, त्याने उजेड सगळीकडे सारखा पसरतो. दिव्यात चकतीमागे एलईडीच लावा, साधा बल्ब तापून दगडाला तडा देऊ शकतो. मधाळ, लालसर दगडाला वॉर्म व्हाइट, करड्या-निळसर दगडाला पांढरा.