इंग्रजीतला साधा भूतकाळ कसा वापरावा

'मी काल डॉक्टरांकडे गेलो होतो.' हे इंग्रजीत सांगताना मराठी बोलणारे बरेच जण 'आय हॅड गॉन टु द डॉक्टर येस्टरडे' असं म्हणतात. मराठीत 'होतो' आहे, म्हणून इंग्रजीत 'हॅड' घुसतो. खरं तर 'आय वेंट टु द डॉक्टर येस्टरडे' एवढंच पुरतं. साधा भूतकाळ अडतो तो नियम कठीण आहेत म्हणून नाही. आपण मराठी क्रियापदाच्या शेपटाकडे बघून इंग्रजी रूप निवडतो म्हणून.

आधी वेळ बघा. गोष्ट घडून गेली आहे आणि ती वेळही संपली आहे, असं असेल तर साधा भूतकाळ. 'येस्टरडे', 'लास्ट वीक', 'टू डेज अगो', 'इन 2015' असे शब्द आले की प्रश्नच मिटला. 'काल मी त्याला भेटलो', 'काल मी त्याला भेटलो होतो', दोन्हींसाठी इंग्रजीत एकच वाक्य: 'आय मेट हिम येस्टरडे'. इथे 'आय हॅव मेट हिम येस्टरडे' चुकीचं. 'हॅव' लावलेलं रूप अशा संपलेल्या वेळेसोबत नांदत नाही. वेळ न सांगता नुसतं 'आय हॅव मेट हिम', म्हणजे 'मी त्याला भेटलेलो आहे', हे मात्र बरोबर.

मग 'हॅड' कधी? भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी एक आधीच घडून गेली होती, हे दाखवायचं असेल तेव्हा. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' मी पोचलो त्याआधीच गाडी सुटली होती. घटना क्रमाने सांगत असाल तर त्याची गरज नाही: 'शी केम इन, सॅट डाउन अँड ओपन्ड हर बॅग.'

मग रूप तयार करा. बहुतेक क्रियापदांना शेवटी 'ईडी' लागतं. उच्चार मात्र तीन प्रकारचे. 'वॉक'चं 'वॉक्ट', 'प्ले'चं 'प्लेड'. आणि मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड हा आवाज असेल तरच वेगळा 'इड' ऐकू येतो, जसं 'वॉन्टेड', 'नीडेड'. 'वॉकेड' असा उच्चार करायची सवय असेल तर ती आधी सोडा, ऐकणाऱ्याला ती लगेच खटकते.

उरलेली क्रियापदं अनियमित. संख्येने ती थोडी आहेत, पण रोजच्या बोलण्यातली सगळ्यात जास्त वापरातली हीच: गो–वेंट, कम–केम, सी–सॉ, टेक–टुक, गेट–गॉट, मेक–मेड, से–सेड. 'कट', 'पुट', 'हिट' बदलतच नाहीत. 'रीड' लिहायला तसंच राहतं, पण भूतकाळात वाचायचं 'रेड'. लांबलचक यादी एकदम घोकण्यापेक्षा रोज चार-पाच रूपं घ्या आणि प्रत्येकाचं स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य करा. ती जास्त टिकतात.

इथे आपल्याला एक मोठी सवलत आहे. मराठीत 'आंबा खाल्ला', 'पोळी खाल्ली', 'पोहे खाल्ले' असं क्रियापद बदलत राहतं. इंग्रजीत खाणारा कुणीही असो, खाल्लेलं काहीही असो, 'एट' हे 'एट'च. बदल फक्त 'बी' (म्हणजे 'असणे') या क्रियापदात होतो: आय, ही, शी, इट यांना 'वॉज', यू, वी, दे यांना 'वेअर'.

नकार आणि प्रश्न. इथे 'डिड' येतो, आणि तो आला की क्रियापद मूळ रूपात परत जातं. भूतकाळ 'डिड'ने दाखवून झाला, तो पुन्हा दाखवायचा नाही. 'आय डिड नॉट गो'. 'डिड नॉट वेंट' कधीच नाही. 'व्हेअर डिड यू गो?' तसंच. पण विचारणा कर्त्याबद्दलच असेल तर 'डिड' नको: 'हू केम?' आणि 'वॉज', 'वेअर' यांनाही 'डिड' लागत नाही: 'वॉज शी ॲट होम?', 'दे वेअर नॉट रेडी.'

सरावासाठी काल काय केलंत याची पाच वाक्यं लिहा, मग प्रत्येकाचा नकार आणि प्रश्न करा. तोंडाने मोठ्याने म्हणा. 'डिड'नंतरची चूक वाचताना सुटते, कानाला मात्र पटकन कळते.

मराठी रूपाने फसू नका. 'आजोबा रोज फिरायला जायचे' यात 'गेले' नाही, तरी इंग्रजीत साधा भूतकाळ चालतो: 'ग्रँडफादर वेंट फॉर अ वॉक एव्हरी डे.' उलट, मराठीत भूतकाळाचं रूप असूनही गोष्ट भूतकाळातली नसते, अशी वाक्यं आपण दिवसभर बोलतो. दारावरची घंटा वाजली की आपण आतून 'आलो, आलो' म्हणतो. इंग्रजीत ते 'आय ॲम कमिंग'. 'मला भूक लागली' म्हणजे आत्ता लागली आहे, म्हणून 'आय ॲम हंग्री'. आणि 'पाऊस आला तर मी येणार नाही' यातला पाऊस अजून यायचा आहे: 'इफ इट रेन्स, आय वोन्ट कम.' इथे 'रेन्ड' वापरायचं नाही.